क्रँक सोडून सगळं

सोसायटीची नोटीस आली तेव्हा टाइमकीपर जेवणाच्या टेबलावर चार पिस्टन ओळीत मांडून त्यांचे व्यास मोजत होते आणि त्यांची बायको हातात ताट घेऊन ते ठेवायला जागा शोधत होती.

नोटीस सेक्रेटरींनी स्वतः आणून दिली आणि पोच म्हणून सही घेतली. मजकूर सरळ होता. इमारतीखालची गाड्यांची जागा फक्त चालू स्थितीतल्या वाहनांसाठी आहे. आपले वाहन गेले अडीच महिने इंजिनाशिवाय उभे आहे. महिनाअखेरीस सकाळी दहा वाजता ते कमिटीसमोर सुरू करून, कोणीही न ढकलता, फाटकापर्यंत नेऊन दाखवावे. न दाखवल्यास जागा यादीतील पुढील सभासदास दिली जाईल आणि वाहन हलवण्यात येईल.

"हलवण्यात येईल म्हणजे कुठे?" बायकोने विचारलं.

"भंगारात. दुसरीकडे कुठे?"

"त्याआधी हे पिस्टन जरा हलवण्यात आले तर मला जेवता येईल."

टाइमकीपर हे त्यांचं नाव नव्हतं. पण बस डेपोत त्या खुर्चीवर त्यांनी एकतीस वर्षं काढली होती, आणि निवृत्तीनंतर खुर्ची डेपोत राहिली तरी नाव त्यांच्याबरोबर घरी आलं होतं. एकतीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या गाड्या वेळेवर सोडल्या. स्वतःच्या नावावर सायकलसुद्धा घेतली नव्हती. म्हणून निवृत्त झाल्याच्या महिन्यातच त्यांनी एका डॉक्टरांची जुनी गाडी विकत घेतली. ते मॉडेल कंपनीने बंद केलं त्याला बरीच वर्षं झाली होती. "पण डॉक्टरांची गाडी आहे," असं ते भेटेल त्याला सांगत, जणू डॉक्टर रोज सकाळी तिची नाडी बघून मगच दवाखान्यात जात होते. नवव्या दिवशी चढावर गाडीने एक मोठा उसासा टाकला आणि इंजिन जाम झालं.

कोपऱ्यावरच्या मिस्त्रीने ते बाहेर काढलं, उघडलं आणि सुटे भाग टाइमकीपरांच्या स्वाधीन केले. "माझ्याकडे ठेवू नका साहेब. दिवसात दहा जण येतात-जातात. एखादा नट गेला तर तुम्ही मला झोपू देणार नाही."

हे अगदी खरं होतं. तेव्हापासून इंजिनाचा ब्लॉक चौथ्या मजल्यावरच्या बाल्कनीत होता, कनेक्टिंग रॉड पुस्तकांच्या कपाटात होते आणि आठही व्हॉल्व्ह बायकोच्या बटणांच्या डब्यात होते. प्रत्येक भागाला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधली होती आणि तिच्यावर टाइमकीपरांच्या सुवाच्य अक्षरात क्रमांक, जागा आणि काढल्याची तारीख होती. ब्लॉक बोअरिंगवाल्याकडे नेऊन, चारही सिलिंडर घासून मोठे करून आणले होते. त्या मापाचे पिस्टन आले होते, रिंगा आल्या होत्या, बेअरिंगं आली होती. प्रत्येक वस्तूसाठी टाइमकीपर गावभर फिरले होते, आणि प्रत्येक वस्तू मिळाली होती.

"एकोणीस दिवस आहेत," नोटीस घडी करत ते म्हणाले. "आठ दिवसांत गाडी उभी राहते की नाही बघ."

"उभी तर ती आहेच," बायको म्हणाली. "चालण्याचं बघा."

जुळणी सुरू करायच्या दिवशी मिस्त्रीने शेवटची तपासणी म्हणून क्रँकशाफ्ट हातात घेतला. चारही पिस्टनचा जोर ज्याच्यावर येतो आणि ज्याच्यामुळे चाकं फिरतात तो हा लोखंडी दांडा. त्याने तो तेलाने पुसला, कोरडा केला आणि वरून खडूची पूड चोळली. पांढऱ्या पुडीवर केसाएवढी एक काळी रेघ हळूच उमटली.

"हे काय?" टाइमकीपरांनी विचारलं.

"भेग. आत तेल मुरलेलं असतं, ते पुडीतून वर येतं."

"वेल्डिंग करून घेऊ."

"साहेब, हा मिनिटाला चार हजार फेरे घेतो. वेल्डिंग केलेल्या क्रँकवर फिरायचं असेल तर खुशाल फिरा, पण आधी मला गाडीतून उतरवा." मिस्त्रीने हात पुसले. "क्रँक मिळाला तर गाडी, नाही तर भंगार. आणि या मॉडेलचा नवा क्रँक आता मिळणार नाही. जुन्या बाजारात बघावं लागेल."

मग त्याने दोन सल्ले दिले, आणि पुढचं सगळं रामायण त्या दोन सल्ल्यांमधून घडलं.

"एक म्हणजे गरज दाखवू नका. जुन्या बाजारात गिऱ्हाइकाचा चेहरा बघून भाव ठरतो. आणि दुसरं, नुसता क्रँक मागू नका. ज्याच्याकडे पुरं इंजिन असतं तो क्रँक सुटा देत नाही, कारण क्रँक गेला की बाकीचं त्याच्या गळ्यात पडतं. तुम्ही पुरं इंजिन मागा. घ्या, क्रँक काढा, बाकीचं विकून टाका."

टाइमकीपरांना सल्ला मिळाला की ते त्याचं वेळापत्रक करत. संध्याकाळी टेबलावर पिस्टन होते म्हणून त्यांनी पलंगावर कागद पसरला. बाजाराच्या गल्ल्या दोन. पहिली गल्ली स्वतःकडे. चेहरा निर्विकार ठेवून, सहज आल्यासारखं विचारायचं. दुसरी गल्ली साडूंकडे. आणि ज्या दुकानदारांचे फोन नंबर मिळतील ते सगळे बायकोकडे, कारण ती हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर नोकरीला होती आणि समोरचा कितीही तापला तरी तिचा आवाज तापत नसे.

"नियम तीन," ते म्हणाले. "आपली एकमेकांशी ओळख आहे हे कोणाला कळता कामा नये. आपल्याकडे ही गाडी आहे हेही नाही. आणि दिवसा आपण एकमेकांना फोन करायचे नाहीत. लाइन मोकळी पाहिजे. जे काय सांगायचं ते संध्याकाळी सातला."

"आणि जेवण?"

"साडेसातला."

साडूंनी काम आनंदाने घेतलं. फक्त त्यांच्या स्वभावाला लहान मागणी मानवत नव्हती. दुसऱ्या गल्लीत पहिल्याच दुकानात ते म्हणाले, "या मॉडेलची इंजिनं हवीत. चार."

"चार?" सातच्या बैठकीत टाइमकीपर ओरडले. "चार कशाला?"

"अहो, एक मागितलं की गरजू वाटतो," साडू म्हणाले. "चार मागितली की व्यापारी वाटतो. चहा पाजला त्यांनी मला."

बायकोने अकरा दुकानांत फोन केले. अकरा जणांनी नाही म्हटलं. त्यातला एक जाड चष्म्याचा जुना शेठ म्हणून ओळखला जाणारा दुकानदार तेवढा म्हणाला, "ताई, आज नाही. पण नंबर देऊन ठेवा. मिळवून देतो." तिने नंबर दिला. टाइमकीपरांनी पहिली गल्ली पूर्ण केली. तीन दिवस निर्विकार चेहरा ठेवून त्यांचे गाल दुखायला लागले. इंजिन कुठेच नव्हतं.

पण बाजार स्वस्थ नव्हता. ज्या मॉडेलचं नाव चार वर्षांत कोणी काढलं नव्हतं, त्याच्यासाठी एका आठवड्यात एक गंभीर गृहस्थ, एक गोड आवाजाची बाई आणि चार-चार इंजिनं उचलणारा एक बडा व्यापारी येऊन गेला होता. दुकानदारांनी एकमेकांना विचारायला सुरुवात केली. एकाने दुसऱ्याला विचारलं ते तिसऱ्याने ऐकलं आणि चौथ्याला ती नवी मागणी वाटली. आठवडा संपेपर्यंत त्या बंद झालेल्या मॉडेलच्या इंजिनाला, ते नवीन होतं तेव्हाही नव्हता, एवढा भाव आला होता.

नवव्या दिवशी सकाळी अकरा वाजता टाइमकीपरांचा फोन वाजला. आवाज तेल लावल्यासारखा गुळगुळीत होता.

"साहेब, मी दलाल बोलतोय. जुन्या गाड्यांची, पार्टांची कामं करतो. तुमच्याकडे एक इंजिन आहे असं कळलं."

टाइमकीपर सावध झाले. "कोणी सांगितलं?"

"बोअरिंगवाल्याच्या वहीत तुमचा नंबर आहे साहेब. ब्लॉक बोअर करून नेलाय तुम्ही. माझ्याकडे पार्टी आहे. रोख देणार."

"पार्टी कोण?"

"ते आमच्यात सांगत नाहीत. एक बाई आहेत एवढंच सांगतो. फार अडलेल्या आहेत."

"त्यांना म्हणावं अडलेल्याच राहा," टाइमकीपर म्हणाले. "इंजिन विकायचं नाही."

संध्याकाळी सात वाजता ते खुर्चीत नीट बसलेही नव्हते. "अगं, ऐक! कोणीतरी बाई आपल्या इंजिनावर टपून बसलीय. दलाल मागे लावलाय तिने!"

"हे काहीच नाही," बायको म्हणाली. "चष्मेवाल्या शेठचा आज फोन आला. त्याला एक इंजिन सापडलंय."

"सापडलं?"

"सापडलं, पण मालक देत नाही. कोणी म्हातारा आहे म्हणे. स्वतःची गाडी चालत नाही, पण इंजिनावर नागोबासारखा बसलाय."

"बघ! जगात एकेक नमुने असतात," टाइमकीपर हळहळले. "स्वतः वापरायचं नाही आणि दुसऱ्याला द्यायचं नाही. भाव वाढवून सांग त्याला. म्हातारी माणसं लोभी असतात, आज ना उद्या घसरतात."

"आणि तुम्ही त्या बाईला दाद देऊ नका."

"माझ्याकडे बघ. मी दाद देणाऱ्यांतला वाटतो?"

बायकोने दुसऱ्या दिवशी भाव वाढवून सांगितला. तासाभरात दलालाने टाइमकीपरांना फोन करून वाढलेला आकडा सांगितला. टाइमकीपरांनी तो धुडकावला. शेठने बायकोला कळवलं की म्हातारा हलत नाही. संध्याकाळी सातला पुन्हा भाव वाढवायचं ठरलं. असे चार दिवस गेले. रोज सकाळी टाइमकीपर बाणेदारपणे नाही म्हणत आणि रोज संध्याकाळी त्या म्हाताऱ्याच्या हट्टीपणापुढे डोकं धरून बसत.

"काय बाई आहे!" चौथ्या दिवशी ते म्हणाले. "पैशाची मस्ती आली की असं होतं. नवरा काही बोलत नसेल का तिला?"

"नवराच शिकवत असेल," बायको म्हणाली. "आणि त्या म्हाताऱ्याची बायको कशी सहन करते कोण जाणे. मी असते तर इंजिनासकट बाहेर काढला असता."

दोघंही एकमेकांशी इतके सहमत गेल्या कित्येक वर्षांत झाले नव्हते.

सहा दिवस उरले असताना दलालाने शेवटचा प्रयत्न केला. "साहेब, विकू नका, पण एवढं सांगा. इंजिन पुरं आहे ना?"

खोटं बोलणं टाइमकीपरांच्या शिस्तीत बसत नव्हतं. "सगळं आहे. क्रँक सोडून."

"त्याची काळजीच सोडा. क्रँक आमच्या शेठकडे पडलाय."

टाइमकीपरांनी फोन दुसऱ्या कानाला लावला, जणू पहिल्या कानाचा भरवसा नव्हता. "याच मॉडेलचा?"

"याच मॉडेलचा. तुम्ही या तर खरं. शेठ तुमचं इंजिन घेतील, त्यात क्रँक घालतील आणि पार्टीला पुरं इंजिन देतील. पार्टी बाराला येतेय. समोरासमोर बसू."

टाइमकीपरांनी कपडे बदलले, खिशात मोजपट्टी आणि खडूचा तुकडा टाकला आणि निघाले. विकण्याचा प्रश्नच नव्हता. जायचं, शेठला गाठायचं आणि क्रँक घेऊन यायचं. बायकोला कळवावंसं वाटलं, पण नियम त्यांनीच केला होता.

शेठचं दुकान म्हणजे एक लांबट खोली होती. दोन्ही भिंतींना गिअरबॉक्स, डायनामो आणि सायलेन्सर छतापर्यंत रचले होते आणि मधून एक माणूस तिरका होऊन जाईल एवढी वाट होती. टाइमकीपर उंबऱ्यात कशाला तरी ठेचकाळले, सावरले आणि आत गेले. गल्ल्यामागे जाड चष्म्याचा शेठ होता. दलाल स्टुलावर होता. आणि त्यांच्या समोरच्या खुर्चीत, मांडीवर पर्स धरून, त्यांची बायको बसली होती.

"या साहेब," शेठ म्हणाला. "ताई, हेच ते."

बायकोने त्यांच्याकडे पाहिलं. तिचा चेहरा दोन क्षण कोरा राहिला. मग गेल्या चार दिवसांचे सगळे आकडे तिच्या डोळ्यांसमोरून गेले असावेत, कारण तिने पर्स घट्ट धरली. टाइमकीपरांच्या मनातही तेच आकडे उलट्या दिशेने जात होते.

"तुमची आधीची ओळख आहे का?" दलालाने विचारलं.

"छे!" दोघं एकदम म्हणाले.

"यांच्याशी ओळख कोण ठेवील?" बायको पुढे म्हणाली. तिचा बोर्डावरचा आवाज लागला होता. "चार दिवस माणसाला झुलवत ठेवणारे."

"आणि बाई, तुम्ही?" टाइमकीपर म्हणाले. "दुसऱ्याची वस्तू, तो नाही म्हणतोय, तरी रोज फोन!"

"मला कोणीतरी तसं करायला सांगत होतं."

"मग असल्या माणसाचं ऐकू नये."

"आता नाही ऐकणार," ती म्हणाली.

शेठने हात वर केला. "भांडू नका. दोघांचं काम होतंय." तो उठला, उंबऱ्यापाशी गेला आणि दाराला टेकवून ठेवलेला लोखंडी दांडा उचलून आणला. अडकण निघताच दार वाऱ्याने धाडकन आपटलं. ज्याला टाइमकीपर येताना ठेचकाळले होते तो क्रँकशाफ्ट होता.

टाइमकीपरांनी मोजपट्टी काढली. मापं बरोबर निघाली. मग त्यांनी गल्ल्यावरचं फडकं घेतलं, तेल लावलं, पुसलं आणि वरून खडू चोळायला लागले.

"साहेब, विकणारे तुम्ही," शेठने चष्मा वर केला. "तुम्ही कशाला तपासताय?"

"माझ्या इंजिनात कोणताही क्रँक आलेला मला चालणार नाही."

"पण ते तुमचं राहणार नाही ना!"

"तरी."

खडू पांढराच राहिला. एकही रेघ उमटली नाही. टाइमकीपरांनी श्वास सोडला आणि शक्य तितक्या सहज विचारलं, "शेठ, समजा, एखाद्याला नुसता क्रँकच हवा असेल तर?"

"चार वर्षं दाराला लावून ठेवलाय. कोणी मागितलाच नाही. जो येतो तो पुरं इंजिन मागतो." शेठ हसला. "पंधरा दिवसांपूर्वी कोणी नुसता क्रँक मागितला असता, तर एका चहावर देऊन टाकला असता."

बायकोने टाइमकीपरांकडे पाहिलं नाही. ती छताजवळच्या एका सायलेन्सरकडे बघत राहिली, आणि ते पाहण्यापेक्षा वाईट होतं.

"मग आता द्या ना," टाइमकीपर म्हणाले. "मीच घेतो."

"आता कसा देऊ? तो तुम्हाला दिला की ताईंचं इंजिन अपुरं. एक गिऱ्हाईक मोडलं, एक माल गेला, आणि दार आपटायला लागलं ते वेगळंच. आता व्यवहार पुरा होईल, नाही तर क्रँक दाराला."

सहा दिवस. टाइमकीपरांनी क्षणभर विचार केला आणि मान हलवली. "बरं. विकतो." आणि लवकर सुटण्यासाठी त्यांनी अगदी कमी आकडा सांगितला.

शेठचा चेहरा उजळला. बायकोला मात्र ठसका लागला. तो थांबेना, तेव्हा टाइमकीपरांच्या डोक्यात प्रकाश पडला. बायकोने चढवलेला भाव शेठच्या वहीत पक्का होता. ते स्वतः जेवढं कमी घेतील तेवढं शेठच्या खिशात जाणार होतं.

"चुकलं," ते म्हणाले. "याच्या तिप्पट."

"साहेब, हे काय बोलणं झालं?"

"चौपट."

"असं कुठे असतं!"

"असंच असतं," बायको म्हणाली. "नागोबा आहेत ते. देऊन टाका त्यांना, माझी काही हरकत नाही."

शेठने चष्मा काढून पुसला. तीस वर्षांच्या धंद्यात विकणाऱ्याचा भाव वाढवून द्यायला सांगणारं गिऱ्हाईक त्याने पाहिलं नव्हतं. पण दलालाने डोळ्याने खूण केली, मधला फरक थोडा आकसला, आणि व्यवहार ठरला.

"माल कुठून उचलायचा आणि कुठे पोचवायचा?" दलालाने वही उघडली.

टाइमकीपरांनी घरचा पत्ता सांगितला. तोच पत्ता तोंडात आलेला बायकोने गिळला आणि मिस्त्रीच्या गॅरेजचा सांगितला. "आणि तो बटणांचा डबा रिकामा करून यांच्याकडेच ठेवा," ती ओघात म्हणाली. "व्हॉल्व्ह कागदात बांधून आणा."

"कोणता डबा?" शेठने विचारलं.

"असेल ना एखादा," ती म्हणाली. "अशी माणसं बायकोचे डबेच घेतात."

टाइमकीपरांनी विक्रीच्या कागदावर सही केली: इंजिन क्रमांक अमुक, राजीखुशीने विकले, यापुढे माझा त्यावर कोणताही हक्क राहणार नाही. पावती बायकोच्या नावाने फाडली गेली. दोघं वेगवेगळ्या दिशांनी दुकानाबाहेर पडले आणि दोन चौक सोडून बसथांब्यावर भेटले.

"मिस्त्रीचं चुकलं," टाइमकीपर म्हणाले.

"सात वाजले नाहीत अजून," बायको म्हणाली. "सातला सांगा."

दुसऱ्या दिवशी दलालाचा टेम्पो आला. दोन हमालांनी ब्लॉक चार जिने उतरवला. त्यामागून कनेक्टिंग रॉड, पिस्टन आणि चिठ्ठ्या लावलेल्या पिशव्या गेल्या. शेठचा क्रँक आधीच टेम्पोत होता. जिन्याच्या पायथ्याशी सेक्रेटरी भेटले.

"विकलंत? चांगलं केलंत. कधीतरी माणसाने सोडून द्यावं. पुढच्या सभासदाला आजच कळवतो, उगाच महिनाअखेरीची वाट कशाला!"

टेम्पोत दलाल बसला होता आणि त्याचे कान या बाजूला होते. टाइमकीपरांना तोंड उघडता येईना. टेम्पो वळणावरून दिसेनासा झाल्यावर ते सेक्रेटरींच्या मागे धावले. "कळवू नका! दहा म्हणजे दहा! महिनाअखेरीला दहाच्या आधी जागा दिलीत तर तुमच्या नोटिशीला अर्थ राहत नाही!"

"पण इंजिन तर गेलं."

"येईल."

"कुठून?"

"ते माझं मी बघतो," टाइमकीपर म्हणाले आणि गॅरेजकडे चालू लागले.

पुढचे चार दिवस ते आणि मिस्त्री गॅरेजातून हलले नाहीत. पहिल्या दिवशी मिस्त्रीने पिशव्या उघडल्या आणि चिठ्ठ्या वाचून कौतुकाने म्हणाला, "काय माणूस असेल हो! एकेका नटाची तारीख लिहिलीय. असा व्यवस्थित मालक मिळायला नशीब लागतं." मग त्याने अक्षर ओळखलं, आणि सगळी हकीकत ऐकल्यावर त्याला बाहेर जाऊन पाणी प्यावं लागलं. पण हात त्याचा चांगला होता. क्रँक बसला, बेअरिंगं बसली, पिस्टन एकेक करून आत गेले. टाइमकीपर प्रत्येक चिठ्ठी काढून तिच्यावर बसवल्याची तारीख घालत होते. चौथ्या दिवशी संध्याकाळी गाडी गॅरेजमध्ये ओढून आणली, इंजिन आत उतरवलं, तेल-पाणी भरलं. तिसऱ्या प्रयत्नाला ते खोकलं, आणि मग एका लयीत चालू लागलं. मिस्त्री कान देऊन ऐकत राहिला. टाइमकीपर पाठ फिरवून भिंतीकडे बघत उभे राहिले.

महिनाअखेरीला पावणेदहा वाजता गाडी आपल्या जागेवर उभी होती. सेक्रेटरी, कमिटीचे दोघे सभासद आणि यादीतला पुढचा माणूस असे चौघे आले. पुढच्या माणसाने सोबत स्वतःच्या गाडीचं आवरणही आणलं होतं. बरोबर दहाला टाइमकीपरांनी किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली, जागेवरून निघाली आणि कोणीही न ढकलता फाटकापर्यंत जाऊन थांबली. पुढच्या माणसाने आवरणाची घडी काखेत मारली आणि तो निघून गेला.

सेक्रेटरींनी नोंदवही उघडली. "वाहन चालू आहे, मान्य. आता मालकाची नोंद. इंजिन तुम्ही विकलंत, मी डोळ्यांनी पाहिलं. मग हे कोणाचं बसवलंय? उद्या कोणी कमिटीकडे मागायला आला तर?"

"ते..." टाइमकीपर म्हणाले.

"माझं आहे," बायको म्हणाली. ती हॉस्पिटलला जायला निघाली होती. तिने पर्समधून पावती काढून दिली. सेक्रेटरींनी इंजिनाचा क्रमांक पडताळून पाहिला, पावती उलटसुलट केली आणि वहीत तिचं नाव लिहायला सुरुवात केली.

"अहो, गाडी माझी आहे!" टाइमकीपर ओरडले.

"कोण नाही म्हणतं?" सेक्रेटरी लिहीत म्हणाले. "गाडी इतके दिवस तुमचीच होती, तेव्हा ती चालत नव्हती. चालतेय ती बाईंच्या इंजिनावर. आणि आमची जागा चालणाऱ्या वाहनाला आहे." त्यांनी सही केली, वही मिटली आणि कमिटी पांगली.

बायको ड्रायव्हरच्या दारापाशी आली. "उतरता का? मला उशीर होतोय."

"तू चालवणार?"

"परवाना आहे माझ्याकडे. इंजिन नव्हतं."

टाइमकीपर उतरले. ती आत बसली, आरसा आपल्या डोळ्यांच्या उंचीला आणला आणि सीट पुढे ओढली.

"अगं, तो नुसता कागद आहे," खिडकीशी वाकून ते म्हणाले. "सगळा व्यवहार आपलाच तर होता."

"कागदावर सही तुमची आहे. 'यापुढे माझा त्यावर कोणताही हक्क राहणार नाही.' इतकं सुंदर अक्षर आलंय की फ्रेम करावंसं वाटतं."

"बरं, मग मला परत विक."

"असं थेट नाही," ती म्हणाली. "दलालामार्फत या. मी पार्टीशी परस्पर बोलत नाही."

गाडी एकही गचका न देता फाटकाबाहेर पडली आणि दिवा दाखवून उजवीकडे वळली. टाइमकीपर ती दिसेनाशी होईपर्यंत फाटकात उभे होते. मग त्यांनी खिशातून फोन काढला, नंबर शोधला आणि चेहरा निर्विकार केला.

"एका बाईकडे एक इंजिन आहे," दलालाने फोन उचलताच ते म्हणाले. "विकायचं नाही म्हणते. मागे लागा."